वाळूतली वाट आणि फसलेला काला

फळी दिसायला मोठी देखणी होती. निळ्यावर पांढरं, पांढऱ्यावर हिरवं, मधूनच एखादी तांबडी नागमोडी रेघ. कुणीतरी पाण्यावर रंग सोडावेत आणि ते तसेच गोठून जावेत, तशी. ओवीने तिच्यावरून पुन्हा एकदा हात फिरवला. गुळगुळीत, कडक, थंडगार.

“ठेवू का पोतं?” रेहानने विचारलं.

“ठेव. पण अलगद नको हं. आजोबा काही अलगद बसणाऱ्यांतले नाहीत.”

नदीच्या वाळूत एक खोलगट जागा बघून मुलांनी ती फळी पुलासारखी आडवी टाकली होती. तिच्यावर आजोबांची चाकांची खुर्ची उभी होती, रिकामी. रेहान आणि शलाका, दोघंही ओवीच्याच सातवीच्या वर्गातले. दोघांनी वाळूने भरलेलं पोतं उचललं, एक-दोन-तीन म्हणत खुर्चीत धपकन सोडलं, आणि...

कडाड!

फळी मधोमध मोडली. खुर्ची एका अंगावर कलली आणि पोतं उतरणीवरून लोळत थेट पाण्याच्या कडेला जाऊन थांबलं.

वर, जिथे डांबरी रस्ता संपतो, तिथल्या कडुलिंबाखाली आजोबा एका साध्या खुर्चीत बसून हे सगळं बघत होते. तिथूनच त्यांचा खणखणीत आवाज आला, “रामकृष्ण हरी! बरं झालं बाळांनो, आधी पोत्याला बसवलंत. पोत्याला हाडं नसतात!”

शलाका हसली. रेहानही हसला. ओवीला मात्र हसू येईना. तिने मोडलेला तुकडा उचलून त्याची कड पाहिली. आत पदरच पदर सुटले होते, चहात बुडवायच्या खारीसारखे. पदरांत पांढरट खडे अडकले होते, नखाने टोकरले तर सुटून हातात येत होते.

“असं कसं?” ती पुटपुटली. “ज्या बाटलीवरून ट्रॅक्टर गेला तरी ती फुटत नाही, तिचीच फळी केली तर ती खारी होते?”

आता ही फळी करायचं मुलांच्या डोक्यात का आलं, ते आधी सांगायला हवं.

सोनतीर हे नदीकाठचं गाव. तुमच्या-आमच्या काळाच्या थोडं पुढचं. तिथे घराघरांवर उन्हाची वीज तयार होते, डाक उडत येते आणि शाळेतल्या मुलांचा एक अख्खा दिवस वर्गाबाहेर काम करण्यात जातो. पण माघातला हरिनाम सप्ताह अजून नदीच्या वाळूतच होतो. मंडप वाळूत, पंगत वाळूत आणि शेवटच्या दिवशीचं काल्याचं कीर्तनही वाळूतच. वाळूत पुढची जागा आणि मागची जागा असा भेद राहत नाही, म्हणून ही रीत गावाने सोडली नाही.

ते काल्याचं कीर्तन कितीतरी वर्षं ओवीच्या आजोबांचं असायचं. त्र्यंबकबुवा ठोंबरे उभे राहिले, की मागच्या टाळकऱ्यांचे हात आपोआप वेगात यायचे. पण दोन वर्षांपूर्वी आजोबा पडले आणि पाय कायमचे गेले. चाकांची खुर्ची आली. खुर्ची रस्त्यावर वाऱ्यासारखी पळे, पण वाळूत तिची चाकं रुतून बसत.

गावकरी म्हणाले, “बुवा, चौघं मिळून उचलून नेतो तुम्हाला.”

आजोबा म्हणाले, “चौघांनी उचलायची वेळ माझी यायची आहे अजून. तेव्हा तुम्हालाच बोलावीन, काळजी नको.”

गेल्या वर्षी मग मोठा पडदा लावला. आजोबा घरात बसून बोलले आणि मंडपात ते पडद्यावर दिसले. सगळ्यांना छान वाटलं. आजोबांना नाही. “मला समोरच्यांचे डोळे दिसले नाहीत,” ते त्या संध्याकाळी म्हणाले. “डोळे दिसल्याशिवाय कीर्तन म्हणजे विहिरीत हाक मारणं.” यंदा तर त्यांनी पडद्यालाही नकार दिला. रोज संध्याकाळी कडुलिंबाखाली बसून ते लांबून कीर्तन ऐकत आणि मांडीवर बोटांनी ताल धरत.

तो ताल पाहिला आणि ओवीने ठरवून टाकलं. रस्त्यापासून मंडपापर्यंत वाट करायची. फळ्यांची. काल्याच्या दिवशी आजोबा स्वतःच्या हातांनी चाकं फिरवत मंडपात जातील.

फळ्या कशाच्या करायच्या, हा प्रश्नच नव्हता. शाळेची मुलं दर आठवड्याला गावाच्या पुनर्वापर केंद्रात कामाला जात. जुन्या प्लॅस्टिकपासून नव्या वस्तू करायचं ते ठिकाण. तिथला यंत्रमानव त्यांचा दोस्त होता. पाण्याच्या पिंपाएवढा, तीन चाकांवर फिरणारा. हातांच्या टोकांना पितळी रंगाच्या दोन तबकड्या, बाटल्या दाबून चपट्या करायला. त्या एकमेकींवर आपटल्या की मंदिरातली झांज वाजल्यासारखी वाटे, म्हणून मुलांनी त्याचं नाव ठेवलं झांज्या. बोलणं तो सप्ताहातल्या भजनी मंडळींकडून शिकला होता, म्हणून सगळ्यांना ‘माऊली’ म्हणे. एकदा एका गळक्या बादलीलाही म्हणाला होता.

फळ्यांसाठी मुलांनी गावभर हाक दिली आणि घरोघरचं टाकाऊ प्लॅस्टिक आलं. बाटल्या, झाकणं, शाम्पूच्या नळ्या, दह्याचे डबे, दुधाच्या पिशव्या, मोडकी खेळणी, नळाच्या पाइपाचा एक तुकडा. केंद्राच्या अंगणात ढीग लागला. तो बघून ओवीला एकदम काला आठवला. काल्याला प्रत्येक जण घरून आपापली शिदोरी आणतो. कुणाच्या लाह्या, कुणाचे पोहे, कुणाचं दही, कुणाच्या घरचं लिंबाचं लोणचं. सगळं एकाच परातीत कालवलं जातं. मग कुणाचं काय होतं ते कुणालाच सांगता येत नाही, आणि प्रसाद गोड लागतो.

झांज्याने नेहमीप्रमाणे विचारलं होतं, “माऊली, वेगळं करू?”

“छे! काल्यात कुणी वेगळं काढतं का?” ओवी म्हणाली होती. “सगळं एकत्र. सगळ्या गावाची एक फळी!”

झांज्या आज्ञाधारक. त्याने सगळं एकत्र चिरलं, एकत्र तापवलं, एकत्र साच्यात ओतलं. आणि त्यातून निघालेल्या फळ्यांतलीच एक आज कडाडली होती.

* * *

“मोडली? वा! दाखवा पाहू.”

चित्राताई सबनीस केंद्राची प्रमुख. प्लॅस्टिक या पदार्थाचीच अभियंता. काही मोडलं की तिचे डोळे चमकतात. मुलांनी पुढे केलेला तुकडा तिने उन्हात धरला, वाकवला, पदर सोलून काढला आणि नाकाशी नेला.

“रागावणार नाहीस ना, ताई?” रेहानने चाचरत विचारलं.

“कशाला? मी लहान असताना मला बेकरी काढायची होती. पहिल्या वर्षी माझे सगळे पाव दगड झाले. मग भट्टी, साचा, किती तापवायचं, हे शिकत शिकत इथे आले. धंदा तोच आहे, फक्त खाता येत नाही.” ती हसली. “सांगा बघू, प्लॅस्टिक म्हणजे काय?”

“प्लॅस्टिक म्हणजे... प्लॅस्टिक,” शलाका म्हणाली.

“म्हणजे माणूस म्हणजे माणूस. नाव-गाव काही आहे की नाही त्याला?” चित्राताईने डबा उघडला. तिच्या जेवणात त्या दिवशी शेवयांची खीर होती. “हे बघा. प्लॅस्टिक हे पॉलिमर असतं. पॉलिमर (लहान लहान रेणू एकापुढे एक हजारोंनी जोडून झालेली लांबच लांब साखळी) दिसतं असं, शेवईसारखं. अशा अब्जावधी शेवया एकमेकींत गुंतलेल्या असतात. तापवलं की त्या सैल होऊन घसरतात, म्हणून प्लॅस्टिक वितळतं. थंड झालं की त्या गुंत्यातच अडकून बसतात, म्हणून ते घट्ट होतं. बाटली फुटत नाही ती या गुंत्यामुळे.”

“मग आमच्या फळीत गुंता झाला नाही?”

“झाला की. पण आपापल्या घरातल्या घरात. प्रत्येक प्लॅस्टिकची शेवई वेगळी. पाण्याच्या बाटलीची एक, झाकणाची दुसरी, दह्याच्या डब्याची तिसरी. त्या एकमेकींत शिरत नाहीत. पाण्यात तेल घालून कितीही घुसळलं तरी थोड्या वेळाने काय होतं?”

“तेल वर येतं,” ओवी हळूच म्हणाली.

“तसंच इथे. वितळलेल्या लगद्यातही प्रत्येक जण आपापला पदर धरून बसला. दोन पदरांच्या मध्ये गुंता नाही, म्हणून तिथूनच ते सुटले. आणि हे पांढरे खडे पाहिलेस? हे पाण्याच्या बाटलीचं प्लॅस्टिक. पिशवी वितळते त्याच्या जवळजवळ दुप्पट तापवावं लागतं त्याला. तेवढं तापलं नाही, म्हणून ते न वितळताच राहिलं, लाडवात राहिलेल्या खड्यासारखं.”

“मग अजून तापवू!” रेहान म्हणाला.

“तर बिचारी पिशवी करपून जाईल.”

ओवीने झांज्याकडे वळून पाहिलं. “आणि तो पाइपाचा तुकडा? तोही यातच आहे?”

“नाही, माऊली,” झांज्या म्हणाला. “तो मी न विचारता काढला होता. तो तापला की विषारी वाफ सुटते. तिथे मला कुणाची आज्ञा चालत नाही.”

“शहाणा आहेस,” चित्राताई म्हणाली. मग तिने अंगणातलं मोठं घंगाळ पाण्याने भरलं आणि एक झाकणबंद रिकामी बाटली रेहानच्या हातात दिली. “सांग, ही बाटली आणि हे झाकण एकाच प्लॅस्टिकचं आहे का वेगवेगळ्या?”

रेहानने झाकण काढून दोन्ही पाण्यात टाकलं. दोन्ही तरंगलं. “एकाच!” तो ऐटीत म्हणाला.

“बाटली तरंगते आहे, की बाटलीतली हवा तरंगते आहे?”

झांज्याने आपल्या अंगातली कात्री बाहेर काढून बाटलीचा नखाएवढा तुकडा कापला. शलाकाने तो पाण्यात टाकून बोटाने बुडवला. तुकडा डुलत डुलत तळाला गेला. झाकणाचा तुकडा बुडवला, तर तो टुणकन वर आला. पुन्हा बुडवला, पुन्हा वर.

“घनता (तेवढ्याच जागेत किती वजन कोंबलेलं आहे ते),” चित्राताई म्हणाली. “बाटलीची पाण्यापेक्षा जास्त, म्हणून ती तळाला. झाकण, दुधाची पिशवी, तेलाचा डबा यांची पाण्यापेक्षा कमी, म्हणून ते वर. आणि हे वर येणारे बहुतेक एकमेकांचे नातलग. त्यांच्या शेवया बऱ्यापैकी एकमेकींत गुंततात. तुमची फळी होईल ती यांची.”

“पण झांज्याला तर नुसत्या डोळ्यांनी ओळखता येतं,” शलाका म्हणाली.

“येतं,” झांज्याने मान्य केलं. “माझ्या डोळ्यातून अवरक्त प्रकाश (तांबड्या रंगाच्या पलीकडचा, माणसांना न दिसणारा प्रकाश) निघतो. प्रत्येक प्लॅस्टिक त्यातला आपापला भाग गिळतं आणि उरलेला परत पाठवतं. जे परत आलं त्यावरून मी नाव सांगतो. पण काळं प्लॅस्टिक सगळंच गिळतं. काळ्यापुढे मी आंधळा आहे, माऊली.”

“मग काळं आम्ही बघू,” शलाका म्हणाली. “घंगाळात बुडवून!”

ओवी एकदम पायरीवर बसली. “कशाचं बघणार? सगळ्या गावाचं प्लॅस्टिक तर मी त्या फळ्यांत घालून बसले. ते आता वेगळं निघेल?”

चित्राताईने तिच्या शेजारी बसून मान हलवली. “नाही गं. आज तरी नाही.”

* * *

संध्याकाळी मंडपात भजन सुरू झालं, तेव्हा ओवी कडुलिंबाखाली आजोबांच्या पायाशी बसली होती. तिने सगळं सांगितलं. शेवया, तेल, पाणी, खडे, सगळं. आजोबांनी मध्ये एकदाही अडवलं नाही.

“मी काला केला, आजोबा. आणि काल्यानेच घात केला.”

“काल्याचं नाव घेऊ नकोस,” आजोबा म्हणाले. “कालवायच्या आधी काय करतात ते तू पाहिलंस का कधी? तुझी आजी काल्याच्या लाह्या सुपात पाखडायची. टरफल वेगळं, न फुटलेला दाणा वेगळा. डाळिंब सोलून दाणे वेगळे. काकडीचं टोक चाखून कडू असेल तर बाजूला. एवढं निवडून झालं, की मग परातीत. न निवडता कालवलं तर त्याला काला नाही म्हणत, बाळ. उष्टं-खरकटं म्हणतात.”

ओवीला हसू आलं आणि रडूही. “पण आता निवडायला काही उरलंच नाही.”

“नाही कसं? सप्ताहाचा स्वयंपाक कशात होतो आहे? नाक आहे ना तुला? आत्ता भाजी फोडणीला पडली.”

ओवीने नाक वर केलं. तेलाचा वास येत होता. तेल! डबेच्या डबे. आणि दुधाच्या पिशव्या. आणि हजार माणसांच्या पाण्याच्या बाटल्यांची झाकणं.

ती ताडकन उठली.

“मागायचं असेल तर सगळ्यांसमोर माग,” आजोबा मागून म्हणाले. “आणि काय चुकलं ते आधी सांग. लोक चूक करणाऱ्यापेक्षा चूक लपवणाऱ्याला घाबरतात.”

दुसऱ्या दिवशी दुपारी, पंगत उठायच्या आधी, ओवी ध्वनिक्षेपकापुढे उभी राहिली. शलाकाने मागून तिचा ड्रेस घट्ट धरून ठेवला होता.

“रामकृष्ण हरी,” ती म्हणाली. आवाज तिच्या अंदाजापेक्षा खूपच मोठा आला. “तुम्ही सगळ्यांनी आम्हाला प्लॅस्टिक दिलंत. ते मी न निवडता एकत्र वितळवलं, आणि फळी मोडली. चूक माझी आहे. झांज्याने विचारलं होतं, मीच नको म्हणाले. आम्हाला पुन्हा हवं आहे.”

“अगं पोरी,” मागून कुणीतरी ओरडलं, “घरात एक झाकण ठेवलं नाहीस, आता आमचे दात देऊ का?”

मंडप हसला. ओवीही हसली. “दात नकोत, काका. ते बुडतात का तरंगतात ते मला माहीत नाही. पण तुमच्या हातातल्या बाटलीचं झाकण द्या. स्वयंपाकघरातले तेलाचे डबे द्या. दुधाच्या पिशव्या धुऊन द्या. पंगतीतून उठताना आमच्या दोन घंगाळांवरून जा. आणि काल्याला अजून अवकाश आहे, तोवर कृपा करून काही मिसळू नका!”

मग जे झालं ते पाहण्यासारखं होतं. कीर्तनात टाळकरी जसे दोन रांगा करून उभे राहतात, तशी शाळेची मुलं मंडपाच्या तोंडाशी दोन्ही बाजूंना उभी राहिली. मध्ये झांज्या. ओळखीचं असेल ते तो पाहताक्षणी नाव सांगून डाव्या-उजव्या टोपलीत टाकी. काळं आलं की खणकन झांज वाजवी, आणि मुलं त्याचा तुकडा कापून घंगाळात बुडवून बघत. म्हाताऱ्या आज्यांना तर खेळच मिळाला. “माझं वर आलं गं!” “माझं बसलं मेलं तळाशी!” एका गृहस्थांनी घाईघाईत पायातली काळी चप्पलच पुढे केली.

“ही चप्पल आहे, माऊली,” झांज्या म्हणाला. “घरी जायला लागेल.”

तळाला गेलेल्या बाटल्याही वाया गेल्या नाहीत. त्या मोठ्या कारखान्यात जाणार होत्या, तिथे त्यांचा धागा निघतो आणि धाग्याचं कापड होतं. पण जे तरंगलं ते सगळं केंद्रात आलं.

* * *

आता फळी पुन्हा करायची. यावेळी कुणी घाई केली नाही.

रेहानने कागदावर चित्र काढलं. नुसती सपाट फळी नाही, तर पोटाखाली उभ्या पट्ट्या असलेली, म्हणजे कमी प्लॅस्टिकात जास्त बळ. वरून बारीक खाचा, म्हणजे चाक घसरणार नाही. टोकाला एक खाच आणि एक जीभ, म्हणजे एका फळीत दुसरी अडकेल. चित्राताईने ते चित्र बराच वेळ पाहिलं.

“हे आमच्याकडे साच्याची रचना करणारे करतात. पगार घेऊन,” ती म्हणाली. “रेहान, शाळा संपली की इथे ये. तुला जागा आहे.”

“आणि मला?” शलाकाने विचारलं. ती पहिल्या गार झालेल्या फळीवर दोन विटांच्या मध्ये उभी राहून जोरजोरात उड्या मारत होती.

“तू ते आत्ताच करते आहेस. वस्तू बाजारात जायच्या आधी तिच्यावर उड्या मारणाऱ्याला गुणवत्ता तपासनीस म्हणतात. फक्त ते मशीनने उड्या मारतात, लाखो वेळा. तुझ्याइतकं ओरडत नाहीत.”

फळी वाकली. कुरकुरली. शलाका उतरली तशी ती पुन्हा सरळ झाली. मोडली नाही.

“ताई,” शलाका धापा टाकत म्हणाली, “नदीला पाणी आलं तर या फळ्या वाहून जातील ना? मग आपणच नदीत प्लॅस्टिक टाकल्यासारखं होईल.”

चित्राताईने तिच्या पाठीवर थाप मारली. “हा प्रश्न मी विचारायला हवा होता. सप्ताह संपला की सगळ्या फळ्या उचलून देवळात ठेवायच्या, पुढच्या वर्षासाठी. आणि एक लक्षात ठेवा. दर वेळी वितळवताना त्या शेवया थोड्या थोड्या तुटतात, प्लॅस्टिक थोडं म्हातारं होतं. म्हणून आधी लागेल तेवढंच वापरायचं, मग तेच पुन्हापुन्हा वापरायचं, आणि अगदीच इलाज नसेल तेव्हा माझ्या भट्टीत आणायचं. मला काम कमी पडलं तर मी बेकरी काढीन.”

ओवीने मोडक्या फळीचा तो तुकडा अजून खिशात ठेवला होता. तिने तो बाहेर काढला. “आणि हा? हा कधीच नीट होणार नाही?”

चित्राताईने त्याच्या सुटलेल्या पदरांवर बोट ठेवलं. “एक गोष्ट आहे. मध्यस्थ रेणू (दोन टोकांचा रेणू, ज्याचं एक टोक एका प्लॅस्टिकात गुंततं आणि दुसरं टोक दुसऱ्यात). दोन न बोलणाऱ्या भावांच्या मध्ये बसून दोघांचे हात धरणारा जसा. काही थोड्या जोड्यांसाठी तो सापडला आहे. पण तो महाग आहे, आणि सगळं गावच एकत्र आलेल्या अशा तुकड्यासाठी तर अजून कुणालाच सापडलेला नाही.”

“कोण शोधतं ते?”

“शोधणारे कमी पडताहेत. म्हणून तर तुकडा टाकू नकोस म्हणते.”

ओवीने तो पुन्हा खिशात ठेवला. यावेळी नीट, बटण लावून.

* * *

काल्याच्या दिवशी सकाळी डांबरी रस्त्यापासून मंडपापर्यंत निळी-पांढरी वाट पसरली होती. गाव दोन्ही बाजूंना उभं होतं. आजोबांनी फेटा बांधला होता, गळ्यात वीणा घेतली होती. खुर्ची रस्त्याच्या कडेशी आली आणि थांबली.

“ढकलू का?” ओवीने विचारलं.

“हात लावशील तर खबरदार.”

आजोबांनी चाकं फिरवली. पुढचं चाक पहिल्या फळीवर चढलं. फळी थोडी वाकली, कुरकुरली आणि तिने भार पेलला. मग दुसरी फळी, तिसरी. दोन फळ्या जिथे जुळत होत्या तिथे चाक उतरताना आवाज येई, खट. पुन्हा खट. आजोबांनी जरा कान दिला आणि मुद्दाम एका चालीत चाकं फिरवायला सुरुवात केली. खट... खट... खट-खट. मंडपातल्या मृदंगवाल्याने ती चाल ओळखली आणि हळूच थाप उचलली. झांज्याने दोन्ही तबकड्या वर धरल्या, ओवीकडे पाहिलं, तिने मान डोलावली, आणि झांज वाजली. टाळकऱ्यांचे हात आपोआप वेगात आले.

मधल्या खोलगट जागेवर, जिथे पहिली फळी मोडली होती, तिथे आजोबा मुद्दाम थांबले. खुर्चीत धपकन एकदा उसळले.

“आजोबा!” ओवी किंचाळली.

“पोत्यापेक्षा मी जड आहे का बघत होतो,” आजोबा म्हणाले आणि पुढे निघाले.

त्यांचं कीर्तन झालं. किती वेळ चाललं ते कुणी पाहिलं नाही. आजोबा मात्र सारखे बघत होते, पहिल्या रांगेतल्यांकडे, शेवटच्या रांगेतल्यांकडे, खांबाला टेकलेल्या चित्राताईकडे, एकेका डोळ्याकडे. त्यांनी निवडण्याची गोष्ट सांगितली आणि कालवण्याची सांगितली. आजीच्या सुपाची गोष्ट सांगून झाली, तसा त्यांनी विठ्ठलनामाचा गजर लावला.

शेवटी परात पुढे आली. कुणाचे पोहे, कुणाच्या लाह्या, दही, डाळिंबाचे दाणे, कडू नसलेली काकडी, लिंबाचं लोणचं. रेहानच्या अम्मीने पाठवलेले खारकेचे तुकडेही त्यात होते. आजोबांनी दोन्ही हात घालून सगळं कालवलं.

झांज्या तीन चाकांवर सरकत परातीजवळ आला. वाकून त्याने डोळा लावला. त्याचा तांबूस दिवा लुकलुकला.

“माऊली,” तो गंभीरपणे ओवीला म्हणाला, “इथे सात वेगवेगळे पदार्थ एकत्र झाले आहेत. वेगळं करू?”

सगळा मंडप खो-खो हसत सुटला. आजोबा इतके हसले की त्यांचा फेटा कपाळावर आला.

ओवीने परातीतला एक घास घेतला. पोहे दह्यात मुरले होते, डाळिंबाचा दाणा त्यांना चिकटला होता. तिने खिशावरून, त्या बटणावरून एकदा हात फिरवला.

“नको रे झांज्या,” ती म्हणाली. “निवडून झालंय. आता हे एकमेकांना धरून राहील.”